मुलांच्या डर्टबाइकचा कोनसेट : झीज, निदान आणि दुरुस्ती

दुचाकीच्या चासीच्या पुढच्या टोकाला एक आखूड, जाड नळी तिरकी वेल्ड केलेली असते. तिला हेड पाइप म्हणतात. फोर्कच्या दोन्ही नळ्यांना धरून ठेवणाऱ्या खालच्या टीचा दांडा या हेड पाइपमधून वर निघतो आणि त्याच्या वरच्या टोकावर हँडलची पट्टी नटाने आवळलेली असते. दांडा डावी-उजवीकडे सहज फिरावा, पण पुढे-मागे किंवा वर-खाली जराही हलू नये, यासाठी हेड पाइपच्या दोन्ही तोंडांशी एकेक बेअरिंग बसवलेले असते. या जोडीला गॅरेजमध्ये कोनसेट म्हणतात. गाडीचा पुढचा भाग चासीला जोडणारा दुवा एवढाच. शॉकने शोषून उरलेला प्रत्येक धक्का आणि पुढच्या ब्रेकचा सगळा जोर या दोन बेअरिंगांतूनच चासीपर्यंत पोचतो.

मोठ्यांच्या मोटारसायकलीत आणि मुलांसाठी बनवलेल्या ५० सीसीच्या डर्टबाइकमध्ये ही रचना मुळात एकच असते. यामाहाची पीडब्ल्यू५० ही १९८१ साली आलेली आणि होंडाची सीआरएफ५०एफ ही २००४ साली आलेली, अशा दोन गाड्या या वर्गातल्या सर्वांत परिचित. सीआरएफ५०एफचे वजन सुमारे ५० किलो, सीटची उंची जेमतेम ५५ सेंटिमीटर आणि स्वाराच्या वजनाची मर्यादा ४० किलो. मूल वाढले की गाडी अपुरी पडते आणि दुसऱ्या घरी जाते. त्यामुळे अशी गाडी दोन-तीन हातांतून फिरलेली असणे नेहमीचे. या प्रवासात इंजिनाकडे, टायरकडे, चेनकडे लक्ष दिले जाते. कोनसेट मात्र झाकलेला असल्यामुळे वर्षानुवर्षे तसाच राहतो.

रचना

प्रत्येक बेअरिंगमध्ये दोन कड्या असतात. हेड पाइपमध्ये ठोकून घट्ट बसवलेली कडी म्हणजे वाटी आणि दांड्यावरची कडी म्हणजे कोन. दोन्हींच्या आतल्या वक्र पट्टीवरून पोलादी छर्रे फिरतात. खालच्या बेअरिंगची वाटी जमिनीकडे तोंड करून असते आणि तिचा कोन दांड्याच्या मुळाशी, टीला टेकून ठोकलेला असतो. वरच्या बेअरिंगची वाटी आकाशाकडे तोंड करून असते आणि तिचा कोन छर्ऱ्यांवर वरून येऊन बसतो. त्याच्यावर खाचा असलेला एक समायोजन नट असतो. हा नट आवळला की दोन्ही बेअरिंगांतली फट एकाच वेळी कमी होते.

दोन्ही बेअरिंगांवरचा भार सारखा नसतो. चाकाकडून दांड्याच्या दिशेने वर येणारा दाब खालचे बेअरिंग झेलते. शिवाय ते चाकाच्या जवळ असल्यामुळे चिखल-पाणीही आधी त्याच्याकडे येते. वरच्या बेअरिंगचे मुख्य काम दांडा डुगडुगू न देण्याचे. म्हणून उघडल्यावर खालचा संच जास्त खराब झालेला सापडतो.

छर्रे तीन प्रकारे योजलेले आढळतात. सीआरएफ५०एफसारख्या साध्या गाड्यांत ते सुटे असतात. काही गाड्यांत ते पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेले असतात. शर्यतीच्या गाड्यांत छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर, म्हणजे टेपर बेअरिंग वापरतात. टेपर रोलरच्या बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या अमेरिकी उद्योजकाने १८९८ साली मिळवले. वळण घेताना चाकाच्या बेअरिंगवर उभा आणि आडवा असा दोन्ही दिशांचा जोर येतो आणि तो एकाच बेअरिंगने पेलावा, हा त्यामागचा हेतू होता. स्टीअरिंगच्या दांड्यावरही जोर असाच दोन्ही दिशांनी येतो. छर्रा वाटीला एका बिंदूपाशी टेकतो, तर रोलर एका रेषेत टेकतो. तोच भार जास्त जागेवर वाटला गेल्यामुळे रोलरचा संच धक्के अधिक सोसतो.

झिजण्याचे कारण

चाकाचे बेअरिंग मिनिटाला शेकडो फेरे घेते, तरी ते बराच काळ टिकते. कोनसेट एक पूर्ण फेरासुद्धा कधी घेत नाही आणि नेमके तेच त्याच्या नाशाचे कारण ठरते. हँडल दोन्ही बाजूंना मिळून साधारण ९० अंश फिरते. गाडी चालत असताना तर ते मधल्या काही अंशांतच हलते. प्रत्येक छर्रा त्यामुळे वाटीच्या एकाच ठिपक्यावर पुन्हा पुन्हा दाबला जातो. फिरत्या बेअरिंगमध्ये ग्रीस सतत ओढले जाऊन नव्याने पसरते. इथे ते स्पर्शाच्या जागेवरून बाजूला सरकते आणि परत येत नाही. पोलादावर पोलाद सूक्ष्म घासत राहते, सुटलेले कण गंजून तांबूस भुकटी बनते आणि ती भुकटी पुन्हा घासण्याचे काम करते.

दुसरे कारण सरळ आघाताचे. छर्रे आणि वाट्या सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेल्या पोलादाच्या असतात. भारतातल्या वर्कशॉपमध्ये हे पोलाद ईएन३१ या नावाने ओळखले जाते. उष्णोपचारानंतर ते अतिशय कठीण होते, तरी उडीनंतर चाक जमिनीवर आदळले की बिंदूएवढ्या जागेवरचा दाब त्यालाही सोसत नाही आणि छर्ऱ्याच्या आकाराचा खोलगट ठसा उमटतो. स्वीडिश अभियंता योहान आउगुस्ट ब्रिनेल याने १९०० साली धातूंचा कठीणपणा मोजण्याची जी पद्धत मांडली, तीत कठीण गोळी ठराविक भाराने दाबून उमटलेला ठसाच मोजतात. म्हणून बेअरिंगमधल्या अशा ठशांना ब्रिनेलिंग म्हणतात. नुसत्या घासण्याने पडलेले ठसे दिसायला तसेच असतात, पण त्यांची उत्पत्ती वेगळी असल्यामुळे त्यांना खोटे ब्रिनेलिंग म्हणतात. जुन्या कोनसेटमध्ये बहुधा दोन्ही एकत्र सापडतात.

तिसरे कारण पाणी. लहान गाड्यांत धूळ-पाणी अडवणारे रबरी सील साधे असतात. वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार पंपाचा फवारा हेड पाइपवर धरला, तर पाणी सीलच्या आत शिरते आणि ग्रीस धुऊन निघते. गाडी नंतर महिनोन् महिने उभी राहिली, तर छर्रे जागच्या जागी गंजतात.

वापरलेल्या लहान गाडीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात मुलांच्या ५० सीसी गाड्यांवर मोठ्यांनी हौसेने उड्या मारण्याची लाट आली होती आणि थोड्या प्रमाणात हा प्रकार सगळीकडेच चालतो. ४० किलोच्या स्वारासाठी बनवलेल्या कोनसेटवर त्याच्या दुप्पट वजनाचा माणूस बसला असेल, तर गाडी वरून कितीही चकचकीत दिसली तरी वाटीत ठसे उमटलेले असतात.

मुलावर होणारा परिणाम

चालती दुचाकी हँडलच्या सततच्या लहान लहान दुरुस्त्यांमुळे तोल सांभाळते. यातल्या काही दुरुस्त्या स्वार करतो, तर काही पुढच्या चाकाच्या भूमितीमुळे आपोआप होतात. स्टीअरिंगची अक्षरेषा जमिनीला जिथे मिळते, त्याच्या थोडे मागे टायर टेकतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ दिशेला येऊ पाहते. वाटीच्या मध्यभागी ठसे पडलेले असतील, तर हँडल तिथे अडकते. त्याला बाहेर काढायला आधी जास्त जोर लागतो आणि ते सुटले की गरजेपेक्षा जास्त वळते. गाडी कमी वेगात नागमोडी चालू लागते. याउलट बेअरिंगमध्ये ढिलाई असेल, तर ब्रेक लावताना पुढे खडखड होते, खडबडीत उतारावर हँडल थरथरते आणि प्रत्येक धक्क्याला ठसे आणखी खोल होतात.

मोठा माणूस हा दोष दंडाच्या ताकदीने झाकून नेतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते जमत नाही आणि दोष गाडीत आहे हे सांगताही येत नाही, कारण चांगली गाडी कशी वळते याचा अनुभव त्याला नसतो. ते पडते आणि आपल्याला चालवता येत नाही असे समजते. म्हणून मुलाने तक्रार करण्याची वाट न पाहता ही तपासणी मोठ्यांनी स्वतःहून करायची असते.

निदान

इंजिनाखाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक जमिनीपासून उचलावे. समोर बसून दोन्ही फोर्कची खालची टोके धरावीत आणि पुढे-मागे ढकलावीत. त्याच वेळी दुसऱ्याने हेड पाइप आणि खालची टी यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. बोटाला टकटक जाणवली, तर कोनसेट ढिला आहे. सांधा स्थिर असून चाक हलत असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा किंवा फोर्कच्या बुशचा असू शकतो. हा फरक न पाहता नट आवळत राहिल्याने पुष्कळ चांगले कोनसेट खराब होतात.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवावे. केबल ताणलेल्या किंवा अडकलेल्या नाहीत याची आधी खात्री करावी. मध्यावर खाच जाणवली, तर ठसे पडलेले आहेत. सगळ्या प्रवासात खरखर जाणवली, तर गंज किंवा माती आहे. शेवटी हँडल सरळ ठेवून बाजूने हलकेच टिचकी द्यावी. निरोगी कोनसेटवर ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडत जाते.

केवळ ढिलाई असेल आणि फिरणे गुळगुळीत असेल, तर समायोजनाने काम भागते. खाच किंवा खरखर असेल, तर संच उघडून बदलावा लागतो. ठसा पडलेल्या वाटीला ग्रीस भरून काही उपयोग नसतो.

उघडणे

प्रत्येक केबलचा मार्ग दिसेल अशी छायाचित्रे आधी काढून ठेवावीत. पुढचे चाक, मडगार्ड, नंबर प्लेट, हँडल आणि फोर्क या क्रमाने उतरवावेत. दांड्याच्या टोकावरचा मोठा नट काढून वरची पट्टी उचलली की खाली समायोजन नट दिसतो. तो हुक पान्याने सोडवायचा असतो. छिन्नी-हातोड्याने ठोकून काढल्यास त्याच्या खाचा मोडतात आणि नंतर नेमके समायोजन करता येत नाही.

नट पूर्ण सुटण्याआधी खालच्या टीला हाताने आधार द्यावा आणि गाडीखाली फिक्या रंगाचे जुने कापड पसरावे. टी खाली सरकली की सुटे छर्रे गळतात. वरचे आणि खालचे छर्रे वेगळ्या डब्यांत ठेवून मोजावेत. पूर्वीच्या कोणी एखादा छर्रा कमी घातलेला असू शकतो, म्हणून ही संख्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावी. दुचाकीच्या कोनसेटमध्ये ३/१६ इंच (४.७६ मिमी) आणि १/४ इंच (६.३५ मिमी) व्यासाचे छर्रे सर्रास आढळतात. डोळ्यांना ते जवळजवळ सारखे वाटतात, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपरने मोजल्याशिवाय नवे घेऊ नयेत.

सर्व भाग केरोसीनमध्ये धुऊन उजेडात पाहावेत. निरोगी वाटीत छर्ऱ्यांच्या वाटेचा एकसारखा चकचकीत पट्टा दिसतो. त्यावर सारख्या अंतराने ठिपके किंवा खळगे दिसले, नखाला अडखळ लागली, तांबूस डाग किंवा टवके दिसले, तर संच बाद समजावा. छर्रे, वाट्या आणि कोन नेहमी एकत्र बदलायचे असतात. जुन्या वाटीत नवे छर्रे घातले, तर ते जुन्याच खळग्यांत बसतात आणि दोष जसाच्या तसा परत येतो.

याच वेळी हेड पाइपच्या वेल्डभोवती तडे आहेत का, दांडा वाकला आहे का आणि त्याचे आटे शाबूत आहेत का, हे पाहून घ्यावे. हेड पाइपला तडा असेल किंवा नवी वाटी हातानेच सैल बसत असेल, तर ती गाडी चासीच्या जाणकार कारागिराकडे न्यावी. मुलाला तोवर तिच्यावर बसवू नये.

जुने काढणे, नवे बसवणे

वाटी काढताना विरुद्ध बाजूने लांब सळई घालून वाटीच्या आतल्या कडेवर ठोकतात. एकदा एका बाजूला, मग समोरच्या बाजूला असे आळीपाळीने ठोकले की ती सरळ बाहेर येते. एकाच बाजूला ठोकल्यास ती तिरकी होऊन हेड पाइप ओरबाडते. कठीण पोलादाचे टवके उडतात, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच. सळई टेकायला कड नसेल, तर वेल्डर वाटीच्या आतल्या पृष्ठावर वेल्डची एक रेघ फिरवतो. रेघ थंड होताना आकसते, वाटीचा व्यास किंचित कमी होतो आणि ती सैल पडते. वेल्डिंगआधी गाडीची विद्युत जोडणी सोडवून घ्यावी.

दांड्याच्या मुळाशी घट्ट बसलेला कोन काढणे सर्वांत चिकट काम. पातळ छिन्नी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी त्याच्याखाली घालून तो उचलता येतो. न निघाल्यास ग्राइंडरने त्यात तिरकी खाच पाडतात, पण दांड्याला स्पर्श होण्याआधी थांबून उरलेला भाग छिन्नीने फोडतात. कोनाखालचे रबरी सील नवा कोन बसवण्याआधीच दांड्यावर चढवायचे असते. ते विसरले, तर कोन पुन्हा काढावा लागतो.

नवी वाटी बसवताना तापमानाची मदत घेता येते. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन आकसते. ४० मिमी व्यासाची वाटी फ्रीझरमध्ये ४० अंशांनी थंड केली, तर तिचा व्यास सुमारे ०.०२ मिमीने घटतो. हा आकडा लहान दिसतो, पण घट्ट बसणाऱ्या भागांत तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. ठोकण्याऐवजी आटेदार रॉड हेड पाइपमधून घालून दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट लावले आणि नट हळूहळू आवळला, तर वाटी सरळ आत ओढली जाते. ठोकायचेच असेल, तर तेवढ्याच व्यासाचा पाइप वाटीच्या बाहेरच्या कडेवर ठेवून ठोकावे. छर्ऱ्यांच्या वाटेवर एकही घाव पडता कामा नये. वाटी तळाला टेकली की ठोक्याचा बद्द आवाज बदलून टणक होतो. त्यानंतर कडेने फट उरलेली नाही हे सगळ्या बाजूंनी पाहावे, कारण अर्धवट बसलेली वाटी पुढे आपोआप सरकते आणि हँडल ढिले होते.

छर्ऱ्यांच्या जागी टेपर बेअरिंग बसवण्याचे तयार संच काही गाड्यांसाठी मिळतात. घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे जुळायला हवीत. जाडी जास्त असेल, तर दांडा वर पुरेसा निघत नाही आणि वरच्या नटाला आटे कमी पडतात. अशी जुळणी धोक्याची असते.

ग्रीस आणि जुळणी

पाण्याने न धुपणारे, बेअरिंगसाठीचे ग्रीस वापरावे. लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट जातीचे ग्रीस या कामाला योग्य. वाटीत जाडसर थर देऊन त्यात छर्रे एकेक करून रोवले, की ते ग्रीसमध्ये चिकटून राहतात आणि टी वर चढवताना गळत नाहीत. संख्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावी. वर्तुळ भरल्यावर थोडी मोकळी जागा उरते आणि ती उरायलाच हवी. तिथे जास्तीचा छर्रा कोंबला, तर तो बाकीच्यांच्या वर चढतो आणि वाटी बिघडवतो. टेपर बेअरिंग असेल, तर ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधल्या फटींतून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरतात.

समायोजन

सर्व कामाचे यश समायोजन नटावर ठरते. नट आधी मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावा आणि टी दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावी, म्हणजे छर्रे आणि वाट्या आपापल्या जागी बसतात. नंतर नट सोडून पुन्हा हलक्या हाताने आवळावा. पुढे-मागे खेळ शून्य आणि फिरण्यात अडथळाही शून्य, ही अपेक्षित अवस्था. घट्ट म्हणजे सुरक्षित ही समजूत इथे घातक ठरते. जास्त आवळलेल्या नटामुळे छर्रे वाटीत रुततात आणि नवा संच थोड्याच दिवसांत ठसे धरतो.

वरची पट्टी चढवून मोठा नट आवळला की पट्टी खालच्या भागावर दाबली जाते आणि आधी साधलेले समायोजन थोडे घट्ट होते. म्हणून तो नट आवळल्यावर तपासणी पुन्हा करावी आणि गरज पडल्यास समायोजन नट किंचित सोडावा. फोर्कला धरणारे बोल्ट त्यानंतर आवळावेत. आधीच आवळले, तर पट्टी दांड्यावर मोकळेपणाने खाली बसत नाही. फोर्क, चाक आणि हँडल लावून झाले की निदानाच्या तिन्ही चाचण्या परत घ्याव्यात. हँडल टोकापर्यंत वळवताना ॲक्सिलरेटरची केबल ताणून इंजिनाचा वेग वाढत नाही आणि ब्रेकची केबल ओढली जात नाही, हेही पाहावे.

पहिली फेरी सपाट, बंदिस्त मैदानावर, हेल्मेट आणि संरक्षक कपड्यांसह, कमी वेगात घ्यावी. भारतात अशी गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नसते. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. पहिल्या एक-दोन वापरांनंतर नव्या वाट्या किंचित आणखी खाली बसतात आणि थोडा खेळ निर्माण होतो. तेव्हा समायोजन एकदा पुन्हा करावे लागते.

निगा

धुताना पाण्याचा फवारा हेड पाइपपासून दूर ठेवावा आणि तो भाग ओल्या फडक्याने पुसावा. गाडी नियमित चालत असेल तर वर्षातून एकदा, आणि पावसाळ्यात चिखलात चालली असेल तर तो सरल्यावर लगेच, कोनसेट उघडून धुवावा आणि नवे ग्रीस भरावे. वाट्या शाबूत असतील, तर त्याच छर्ऱ्यांसह परत जुळणी करता येते. ढिलाईची चाचणी मात्र महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पडझडीनंतर घ्यावी. तिला फार वेळ लागत नाही आणि ढिलाई सुरुवातीलाच लक्षात आली, तर नव्या संचाऐवजी नटाच्या थोड्याशा फिरकीवर काम भागते.